पार्टी आत आहे

“पावसाळ्यात ही भिंत ओलावते,” मी त्या बाईंना म्हटलं. “आत्ता कळायचं नाही. नवा रंग दिलाय ना.”

त्या बाई भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी तो झटकन काढून घेतला.

“फार ओलावते?”

“कपाट टेकवून ठेवता येत नाही एवढी. आमच्या लग्नाचा अल्बम गेला त्यात.”

अल्बम पुण्याला, मुलाच्या कपाटात सुखरूप होता. पण बाईंचा चेहरा पडला आणि मला धीर आला. त्यांचे यजमान मागच्या दाराशी मोटारीचं बटण दाबून बघत होते. मी तिकडे वळले.

“पाणी एक दिवसाआड येतं. तेही पहाटे. उठायची सवय आहे ना तुम्हाला?”

माझ्यामागे किल्ल्यांचा जुडगा खणकला. त्रिशला मगदूम. आमची एजंट. घरमालकीण स्वतःच भाडेकरूंना पळवून लावतेय, हे दृश्य तिनं तिच्या धंद्यात पहिल्यांदाच पाहिलं असावं. ती पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून आली, ते गाडीत बसेपर्यंत हसतमुखानं हात जोडून उभी राहिली आणि मग माझ्याकडे वळली.

“काकू, एक विचारू? रागावू नका.”

“विचार की.”

“तुम्हाला घर भाड्यानं द्यायचंय का नाही?”

“म्हणजे काय? द्यायचंच आहे. रिकामं ठेवून काय पूजा करायचीय?”

“मग ओल कुठली काढलीत ओ? तीन पावसाळे मी हे घर सांभाळलंय. भिंत खडखडीत असती.”

“आधी सांगितलेलं बरं. मागाहून कटकट नको.”

त्रिशलानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग स्कूटरला अडकवलेलं हेल्मेट काढून डोक्यात घातलं. “बरं. दुसरी पार्टी बघते.”

तिच्या लेखी जगातली सगळी माणसं म्हणजे पार्ट्या. घरमालक एक पार्टी, भाडेकरू दुसरी पार्टी, आणि ती मधली.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं होऊन गेली. त्याच्या तीन वर्षं आधी आम्ही सांगली सोडून पुण्याला पुष्करकडे राहायला गेलो होतो. ईराचा जन्म झाला, सूनबाईंची, ऋजुताची, रजा संपत आली, आणि हे नुकतेच वीज मंडळातून निवृत्त झाले होते. चार-सहा महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि तिथलेच झालो. घर बंद ठेवू नका, असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून ते त्रिशलाच्या हवाली केलं. सांगलीत विश्रामबागेच्या रस्त्यावर एका पिठाच्या गिरणीला लागून तिचं ऑफिस होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि सगळ्यावर पिठाचा पातळ थर. तिथं बसून ही बाई अर्ध्या विश्रामबागेची घरं चालवायची. तिनं आम्हाला एक बँकेतले साहेब मिळवून दिले, करार केला, पोलीस ठाण्यात नोंद केली. नळ गळला तर प्लंबर तीच आणायची, घरपट्टी तीच भरायची. आम्ही पुण्यात बसून फोनवर नुसतं “बरं, बरं” म्हणायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर बँकेतल्या साहेबांची बदली झाली. त्रिशलाचा फोन मी घेतला.

“काकू, घर मोकळं झालंय. पार्टी बघू ना नवीन?”

घर मोकळं झालंय. एवढंच ती म्हणाली आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

ईरा आता शाळेत जात होती आणि शाळेतूनच पाळणाघरात. स्वयंपाकाला बाई होती. ऋजुतानं मला कधी एका शब्दानं दुखावलं नाही, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. पण तिच्या स्वयंपाकघरातला डबा उघडताना माझी नजर आधी तिच्याकडे जायची. सहाव्या मजल्यावरून खाली बघत मी दुपारी बसायची आणि सांगलीच्या घराच्या मागच्या अंगणात आत्ता ऊन कुठपर्यंत आलं असेल, याचा अंदाज बांधायची.

ह्यांना सांगावं, तर हे तिथं छान रमलेले. सकाळी बागेत हास्यक्लब, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, रविवारी कॅरम. या वयात बसलेलं बस्तान मी कशाला मोडू? म्हणून मी फक्त त्रिशलाला फोन केला.

“या वेळी भाडेकरू मी स्वतः बघणार. आणि हे काकांना सांगू नकोस. उगाच म्हणतील, दगदग करते.”

“नाही सांगत,” ती म्हणाली. “पार्टीची गोष्ट पार्टीपाशी.”

घरी मी सांगायची, मिरजेच्या बहिणीला, कुसुमला भेटून येते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ऑपरेशन झालं होतं हे खरंच होतं. फक्त ते आदल्या वर्षी झालं होतं.

अशा रीतीनं मी ओलीच्या भिंतीवर एक कुटुंब घालवलं. एका दातांच्या डॉक्टरांना फाटकावर बोर्ड लावायचा होता, त्यांना फोनवरच नाही म्हटलं. हार्मोनियमच्या शिकवण्या घेणारे एक गुरुजी आले. ते मला मनापासून आवडले होते, पण शेजारी आजारी माणूस आहे अशी थाप मारून त्यांनाही परत पाठवलं. किती दिवस असं चालणार होतं, याचा मी विचार केला नव्हता. घर रिकामं आहे तोवर ते आपलं आहे, एवढंच मला कळत होतं.

मग ते कॉलेजातलं जोडपं आलं. दोघंही तरुण, दोघंही इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे. चपला बाहेर काढून आत आले. भिंतीला हात लावला नाही, मोटारीचं बटण दाबलं नाही. मी खोट काढायला संधी शोधत होते, पण ते काही विचारीनातच. शेवटी ती मुलगी मागच्या अंगणात जाऊन कढीपत्त्याच्या झाडाखाली उभी राहिली आणि तिनं विचारलं, “इथं सकाळचं ऊन येतं का हो काकू?”

माझ्या तोंडून खरं निघून गेलं. “छान येतं गं. थेट पायरीपर्यंत.”

“मग झालं,” ती नवऱ्याला म्हणाली.

त्रिशला माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. काय करणार? इतक्या चांगल्या माणसांना नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं? परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. कराड कधी गेलं, सातारा कधी गेलं, मला कळलं नाही.

चार-पाच दिवसांनी त्रिशलाचा फोन आला. “काकू, ती पार्टी रद्द झाली.”

“कुठली? कॉलेजातली? का गं?”

“झाली. कारण नका विचारू.”

“अरेरे,” मी म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रवा भाजायला घेतला. ऋजुता ऑफिसातून आली तर घरभर तुपाचा वास.

“आज काय विशेष, आई?”

“काही नाही. सहज.”

ह्यांनी दोनदा शिरा मागून घेतला. एवढंच नाही, जेवण झाल्यावर काहीतरी गुणगुणत बाल्कनीत फेऱ्या मारल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आज दोघंही खुशीत.

पण ती खुशी फार टिकली नाही. संक्रांत झाली आणि त्रिशलाचा पुन्हा फोन.

“काकू, आता मात्र नाही म्हणायला जागा नाही. वयस्कर जोडपं आहे. दोघंच. लेकरंबाळं जवळ नाहीत, कुत्रं नाही, शिकवणी नाही, बोर्ड नाही. आणि त्यांना कायमचं राहायचंय.”

“कायमचं कसं? करार अकरा महिन्यांचा असतो.”

“ते मी बघते. त्यांची एकच अट आहे. मालकाला समोरासमोर भेटायचंय. शनिवारी या.”

मी फोन हातात धरून बसून राहिले. दातांच्या डॉक्टरला उद्या घर सोडा म्हणता येईल. कॉलेजातल्या पोरांनाही म्हणता येईल. पण आपल्याच वयाच्या म्हाताऱ्या जोडप्याला कोणत्या तोंडानं उठवायचं? ते एकदा आत आले की घर त्यांचं झालं. जे काही करायचं ते शनिवारीच करायला हवं होतं. ओल, पाणी, आजारी शेजारी, लागलं तर भूतसुद्धा काढायची माझी तयारी होती.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, “शनिवारी मी तळेगावला जाऊन येईन म्हणतो. शिरगुप्पेकडे. मंडळातले जुने सगळे जमणार आहेत. रात्री राहीनही कदाचित.”

“जा की,” मी म्हटलं. “मीही कुसुमकडे जाऊन येते.”

“अजून गुडघा दुखतो तिचा?”

“आता दुसरा.”

“अरेरे,” हे म्हणाले.

शनिवारी पहाटे आम्ही एकाच लिफ्टनं खाली उतरलो. मी ह्यांना आग्रहानं मरून रंगाचा स्वेटर घालायला लावला होता, तळेगावात थंडी असते म्हणून. ह्यांनी मला रिक्षात बसवून दिलं. “सांभाळून जा,” म्हणाले. “तुम्हीही,” मी म्हटलं. आमचं बोलणं त्या काळात असंच होतं. रेल्वेत शेजारी बसलेली दोन भली माणसं बोलतात तसं.

सांगलीत पोचायला दुपार होत आली. फाटक उघडं होतं आणि त्रिशला पायरीवर चहाचा थर्मास घेऊन बसली होती.

“पार्टी आत आहे,” ती म्हणाली. “मिस्टर आलेत, मिसेसची वाट बघतोय.”

“तू येत नाहीस?”

“मी कशाला? तुमचं तुम्ही बोला. मधी मी पडले की बोलणी फिसकटतात.”

हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. पण माझं लक्ष तिच्याकडे कुठं होतं? मी बाहेरच्या खोलीत आले. खोली रिकामी होती. स्वयंपाकघरात कुणीतरी नळ उघडत होतं, बंद करत होतं. मी पदर खोचला, घसा साफ केला आणि आतल्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

“नमस्कार. मी मालकीण. आधीच स्पष्ट सांगते. घर तसं चांगलं आहे, पण पावसाळ्यात ही बाहेरची भिंत जी ओलावते—”

“आणि पाण्याला अजिबात जोर नाही,” आतून तितक्याच मोठ्यानं आवाज आला. “अहो बाई, मी मालक. तुम्ही यायच्या आधी नळच बघत होतो. म्हटलं, उगाच कुणाची फसवणूक नको. वरची टाकीसुद्धा गळते, आणि डास तर—”

बोलत बोलत आवाज दारापर्यंत आला. रुमालाला हात पुसत जो माणूस बाहेर आला, त्याच्या अंगात मरून रंगाचा स्वेटर होता.

आम्ही दोघं उभे राहिलो.

“तू?”

“तुम्ही तळेगावला…”

“कुसुमचा दुसरा गुडघा…”

बाहेर पायरीवर थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आला.

“टाकी गळते?” मी विचारलं. “कधीपासून?”

“नाही गळत.” ह्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. “आणि भिंत?”

“खडखडीत आहे.”

हे खिडकीच्या कट्ट्यावर बसले. घरात बसायला दुसरं काही नव्हतंच. मी शेजारी जाऊन बसले.

“ते कॉलेजातलं जोडपं,” हे म्हणाले, “त्यांना मी नाही म्हणून कळवलं. घर विकायचा विचार आहे म्हणून सांग, असं त्रिशलाला म्हटलं.”

“आणि मी दातांच्या डॉक्टरला.”

“तो तू घालवलास? अगं, त्याला घालवायला मी इथपर्यंत आलो होतो! तर त्रिशला म्हणते, ती पार्टी आधीच गेली. मग बसलो आपला इथंच फरशीवर आणि दुपारच्या गाडीनं परत.”

“कधी?”

“पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो होतो, ती वेळ. आठवतं? उशीर झाला म्हणून तू भात गरम करून वाढलास.”

मला आठवत होतं. बँकेतल्या लोकांना मी त्या दिवशी बरीच नावं ठेवली होती.

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं? तू तिथं रमलेली. ईरा, सोसायटीतल्या बायका, ती भिशी. तुला उठवून इथं आणायचं कशासाठी? तर मला आपल्या नळाचं पाणी प्यायचंय म्हणून?”

“मी रमले होते? अहो, मी तुमच्यासाठी तिथं होते! तुमचा तो हास्यक्लब—”

“हास्यक्लब!” हे कट्ट्यावरून उठलेच. “सकाळी सहाला, थंडीत, कारण नसताना हसायचं! गेली दोन वर्षं मी रोज खोटं हसतोय, हेमलता. गाल दुखतात माझे. पण घरात बसलो तर तुला वाटायचं, मी उदास आहे. मग जायचं.”

आणि मला हसू आलं. थांबवता येईना. हे आधी रागानं बघत होते, मग त्यांचाही धीर सुटला. आम्ही दोघं त्या रिकाम्या खोलीत असे हसत होतो, की त्रिशलानं दारातून डोकं आत घातलं.

“जमलं का पार्टीचं?” तिनं विचारलं.

“तू आत ये आधी,” हे म्हणाले. “दोन-तीन महिने तू दोघांनाही खेळवलंस.”

“मी? काका, देवाशप्पथ, तुम्ही दोघांनी मला खेळवलंय!” तिनं थर्मासच्या झाकणात आणि दोन कागदी कपांत चहा ओतला. “सकाळी काकूंचा फोन, दुपारी काकांचा. दोघांचं एकच, ह्यांना कळू देऊ नकोस, हिला कळू देऊ नकोस. आधी मला वाटलं, तुमच्यात काहीतरी बिनसलंय, वाटणीबिटणी करायलाय. मग एकदा काका येऊन फरशीवर बसले ते उठंनात. पुढच्या आठवड्यात काकू आल्या, त्या रिकाम्या देवघराच्या कोनाड्यातली जळमटं काढत बसल्या. भाड्यानं द्यायच्या घरात असं कोण बसतंय ओ?”

“मग सरळ सांगायचंस!”

“कसं सांगू? दोघांनाही शब्द दिलेला. एका पार्टीचं दुसरीला सांगणारा एजंट टिकतोय काय? पण दोन पार्ट्या आणून समोरासमोर बसवणं, हा तर माझा धंदाच हाय.” तिनं चहाचा घोट घेतला आणि आवाज बदलला. “आता मात्र खरं बोला. त्या कॉलेजातल्या पोरांना अजून घर मिळालेलं नाही. त्यांना हे घर फार आवडलंय. आज संध्याकाळी मला त्यांना उत्तर द्यायचंय. घर भाड्यानं द्यायचंय का नाही?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे.

“पुष्करला काय सांगायचं?” हे हळूच म्हणाले.

हसू तिथंच थांबलं. एवढे दिवस मी सगळा विचार केला होता, फक्त हा केला नव्हता. त्यानं आमच्यासाठी मोठा फ्लॅट घेतला होता. ऋजुतानं आमच्या खोलीचे पडदे माझ्या आवडीच्या रंगाचे शिवून घेतले होते. लोक काय म्हणतील त्यांना? सासू-सासरे टिकले नाहीत म्हणतील.

“तुम्ही करा फोन,” मी म्हटलं.

“तू कर. तुझ्याशी तो नीट बोलतो.”

“अवघड बोलायचं आलं की माझ्यावर!”

पण केला मीच. त्रिशला उठून अंगणात गेली. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, ह्यांनाही ऐकू यावं म्हणून.

“आई, पोचलीस?” पुष्कर म्हणाला. “कुसुममावशी कशी आहे?”

“कुसुम ठणठणीत आहे. मी सांगलीत आहे. आपल्या घरी. बाबाही इथंच आहेत.”

“बाबा? बाबा तर तळेगावला—”

“बाबा इथं आहेत. पुष्कर, आम्ही इथं राहायला यायचं म्हणतोय.”

“बरं. किती दिवस?”

“राहायलाच रे.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग पुष्करनं विचारलं, “आमचं काही चुकलं का, आई?”

त्याचा तो आवाज मी त्याच्या शाळेच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“तुमचं काही चुकलं नाही रे. चुकलं असतं तर केव्हाच निघून आलो असतो. भांडून निघणं सोपं असतं. तुम्ही इतकं चांगलं वागलात, म्हणून आम्हाला तोंड उघडायला एवढे दिवस लागले.”

मग ऋजुताचा आवाज आला. “आई, मी बोलू?”

“बोल ना गं.”

“मला वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. ईरा झोपून उठली की आजी कुठे म्हणून विचारणार. पण…”

“पण काय?”

“काही नाही.”

“सांगून टाक. समोर असते तर बोलली नसतीस. आता तर लांब आहे मी.”

“थोडं बरंही वाटतंय, आई.”

“मलाही,” मी म्हटलं.

आणि आम्ही दोघी फोनवर हसलो. हसता हसता तिचा आवाज ओला झाला, माझाही झाला. तीन वर्षं एका घरात काढून आम्ही एकमेकींशी इतकं खरं पहिल्यांदाच बोलत होतो. “मेच्या सुट्टीत ईरा तुमच्याकडे,” ती म्हणाली. “अख्खा महिना. आता मागे फिरायचं नाही.”

बाहेर येऊन मी त्रिशलाला सांगितलं, “त्या पोरांना नाही म्हणून कळव. घर द्यायचं नाही.”

“झालं,” ती म्हणाली. “माझं हक्काचं गिऱ्हाईक गेलं.” पण चेहरा तर पोरीचं लग्न ठरल्यासारखा फुलला होता. तिनं जुडग्यातून आमच्या घराची किल्ली काढायला घेतली. कडी इतकी घट्ट होती की तिचं नख मोडलं.

“आणि तुझं कमिशन?” ह्यांनी विचारलं. “तुम्ही एजंट दोन्हीकडून घेता ना?”

“घेतो की. पण मालक आणि भाडेकरू एकच निघाले तर कुणाकडून घ्यायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. जेवायला बोलवा एकदा.”

जेवायला ती पुढं कितीदा तरी आली. कॉलेजातल्या जोडप्याला तिनं दोन गल्ल्या सोडून घर मिळवून दिलं, आणि ती मुलगी हक्कानं कढीपत्ता न्यायला आमच्याकडे येऊ लागली.

आठवड्याभरात टेम्पो आला. पुष्करनं स्वतः येऊन सामान लावायला मदत केली, फरशीवर पंगत मांडून पिठलं-भात खाल्ला आणि संध्याकाळी निघून गेला. घरात आम्ही दोघंच उरलो. तेवढ्यात ह्यांनी फ्रिज ओढत ओढत स्वयंपाकघराच्या दाराजवळ नेला.

“तिथं नको,” मी म्हटलं. “जाता-येता लागेल.”

“इथंच सॉकेट आहे.”

“मग सॉकेट हलवा. वीज मंडळात काय नुसत्या सह्या करत होतात?”

“हे बघ, मला शिकवू नकोस—”

इथं हे एकदम थांबले. “हेमलता,” म्हणाले, “आपण एवढं हळू का बोलतोय?”

खरंच, आम्ही दोघं कुजबुजत होतो. पुण्यात आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे पुष्करची खोली होती. पहिल्या वर्षी आम्ही तिथं दबक्या आवाजात भांडायला शिकलो, आणि दबक्या आवाजात भांडायला काही मजा येईना म्हणून पुढं भांडणंच सोडून दिलं होतं.

“कुणी सांगितलंय हळू बोलायला?” मी विचारलं.

“तूच हळू बोलतेस!”

“मी? तुम्ही सुरू केलंत!”

मग आवाज चढला. फ्रिजवरून आम्ही सॉकेटवर गेलो, सॉकेटवरून घर बांधताना कंत्राटदार कुणी निवडला त्यावर, कंत्राटदारावरून ह्यांच्या बहिणीच्या लग्नात माझ्या माहेरच्यांना मागच्या पंगतीला बसवलं होतं त्यावर. हे तावातावानं हात हलवत होते. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. कित्येक दिवसांत ह्यांचा चेहरा मी इतका ताजा पाहिला नव्हता.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून शेजारच्या आक्का पाटलांनी हाक मारली.

“आलासा व्हय परत? बरं झालं बाई! लई सुनं सुनं वाटत हुतं!”

हे ओशाळले. “बघ, ऐकू गेलं.”

“जाऊ दे की,” मी म्हटलं, आणि फ्रिज माझ्या बाजूनं ओढायला लागले.